अदालतीनं दिलेला वकील

मुन्श्याच्या डोक्यात कलमं राहत नाहीत, किस्से राहतात! न बोलावता येतात, ऐसपैस बसतात आणि उठायचं नाव घेत नाहीत.

निजामाच्या काळात मी जालन्याला कादरसाहेब वकिलांकडं मुन्शी होतो. ज्या आरोपीला वकील करायची ऐपत नसे, त्याला अदालत आपल्याकडून वकील द्यायची. बाकीचे वकील अशा केसा टाळायचे. आमचे साहेब हौसेनं घ्यायचे. अदालतीचं काम उर्दूत, आरोपी बहुतेक मराठी. मधला पूल मी!

*

राजूरकडचा एक शेतकरी बैलचोरीत अडकला होता. कोठडीच्या गजांपाशी जाऊन साहेब म्हणाले, "मी तुझा वकील. अदालतीनं दिलाय."

तो भडकलाच! "सरकारच पकडून राह्यलं, अन् सरकारच सोडवून राह्यलं! मंग घरीच ठेवायचं होतं की! बैल सकाळपासून तहानलेला हाय माझा!"

साहेब बाहेर आले आणि मला म्हणाले, "मुन्शी, हा चोर नाही. चोराला बैलाची तहान लागत नाही."

पुढं साक्षीत बैल त्याचाच निघाला. बिलकुल त्याचाच!

*

मारामारीच्या केसमधला एक तरणाबांड गडी काही बोलेचना. साहेबांनी पाठीवर हात ठेवला. "सच बोल बेटा. मी कोणाला सांगणार नाही."

मंग त्यानं सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जज्जसाहेबांनी भर अदालतीत विचारलं, "काठी कोणी मारली?"

गडी शांतपणे म्हणाला, "ते वकीलसाहेबांला म्हाइत हाय. पण त्यांनी न सांगायचं कबूल केलंय. त्यांला त्रास देऊ नका!"

*

साहेबांची उर्दू म्हणजे अत्तर! एका घरफोडीच्या केसमध्ये ते असे काही बोलले की पट्टेवालासुद्धा दाराशी खिळून राहिला. आरोपी मजूर होता. ऐकता ऐकता ढसाढसा रडायला लागला.

जज्जसाहेबांनी मला विचारायला लावलं, "वकिलांचं बोलणं तुला समजलं का?"

डोळे पुसत तो म्हणाला, "एक शब्द बी न्हाई कळला. पण आजवर माझ्यासाठी इतका येळ कोणी बोललं न्हाई हो!"

*

सगळ्याच केसा जिंकल्या असं नाही. एका म्हाताऱ्याला सजा झाली. साहेबांना वाटत होतं तो निर्दोष आहे, पण साक्षीदार फिरले. साहेब अदालतीच्या पायरीवर डोकं धरून बसले.

शिपाई म्हाताऱ्याला बेड्या घालून नेत होते. पायरीपाशी तो थांबला. बेड्यांतले हात साहेबांच्या खांद्यावर ठेवले.

"तुम्ही बराबर भांडलात. आता घरी जा. बाई जेवायची थांबली असंल."

साहेब उठले. पण घरी नाही गेले. म्हाताऱ्याच्या बायकोला सांगायला गेले.

*

आणि हा शेवटचा.

जाफराबादकडची गयाबाई. तिचा नवरा विहिरीत पडून मेला आणि सासरच्यांनी तिच्यावर खुनाचा आळ घातला. भीतीनं माहेरचंही कोणी फिरकलं नाही. साहेबांनी गावात जाऊन माणसं बोलती केली, विहिरीचा ढासळलेला काठ दाखवला, आणि बाई सुटली. माहेरी परत आली. बाप पस्तावला, मरताना थोडं रान तिच्या नावावर केलं, असं कानावर आलं. त्यानंतर ती कधी दिसली नाही.

वर्षं गेली. निजामाचं राज्य गेलं. त्या धामधुमीत कुठल्याशा खेड्यातल्या जाळपोळीत साहेबांचंच नाव कोणीतरी घातलं! त्या दिवशी ते माझ्यासोबत जालन्यातच होते. पण ऐकतो कोण? आरोपीच्या जागी साहेब उभे राहिले. पांढरी दाढी, खाली मान. त्यांची बाजू घ्यायला कोणी वकील पुढं येईना. शेवटी अदालतीनंच एक नवखा वकील दिला.

जज्ज नवे होते, मराठी बोलणारे. म्हणाले, "जामिनावर सोडता येईल. जामीन कोण राहतं?"

माझ्या नावावर वीतभर जमीन नव्हती, माझा जामीन चालेना. बाकी ज्यांनी साहेबांकडं चहा प्याला होता, ते सगळे जमिनीकडं बघून राहिले होते. भीतीच तशी होती.

तेवढ्यात मागून एक बाई उठली. पदर खोचून थेट पुढं आली. "माझ्या नावावर रान हाय. लिहून घ्या."

मी ओळखलं. गयाबाई!

जज्जसाहेबांनी तिच्याकडं बघितलं, मंग साहेबांकडं बघितलं. "बाई, हे तुमचे कोण लागतात?"

गयाबाई म्हणाली, "मी ह्यांची आरोपी हाय, साहेब."