अण्णांचं पोटॅशियम

तिसऱ्या मजल्यावरच्या स्पेशल रूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगाखाली शहाळी, खिडकीत शहाळी, बाथरूमच्या दाराशी पोत्यात शहाळी. तालमीची पोरं सकाळ-संध्याकाळ भेटायला येत होती. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं, म्हणून प्रत्येकजण गेटसमोरच्या गाड्यावरून दोन-दोन उचलून आणत होता. पलंगावर अण्णा बसले होते, स्ट्रॉ तोंडात धरून.

मी त्या हॉस्पिटलमध्ये फिजिशियन होते. फिजिशियन म्हणजे सगळ्या शरीराचा डॉक्टर. आता हृदयाला वेगळा डॉक्टर आहे, किडनीला वेगळा, गुडघ्याला वेगळा. आमच्यासारख्यांना रेफरन्सला बोलावतात. रेफरन्स म्हणजे एका डॉक्टरने दुसऱ्याला ‘जाता जाता जरा बघून जा’ म्हणणं. मला अण्णांच्या शुगरसाठी बोलावलं होतं. शुगर बघायची, इन्शुलिनचा डोस लिहायचा आणि तोंड मिटून खाली यायचं, एवढीच अपेक्षा.

अण्णा हे पेठेतल्या एका तालमीचे फुटबॉल कोच. बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं, आमच्या कोल्हापुरात तालमीला कुस्तीच्या जोडीला फुटबॉलची टीमही असते, आणि एका मॅचवरून सख्ख्या मेहुण्या-मेहुण्यांचं बोलणं बंद होऊ शकतं. अण्णा तरुणपणी गोलकीपर होते. पुढे त्यांनी पेठेतली पोरं घडवली, बापाचे आणि मग त्याच्या लेकाचे, दोघांचेही कान पिळले. आता हृदय कमजोर झालं होतं. पायावर सूज आणि धाप घेऊन ॲडमिट झाले होते. सूज उतरली, धाप गेली. शनिवारी फायनल होती आणि अण्णांना मैदानावर जायचं होतं.

मी त्यांच्या बायकोला, शालनवहिनींना विचारलं, “शहाळं द्या म्हणून कुणी सांगितलं?”

“कोण कशाला सांगतंय? मीठ बंद केलंय न्हवं डॉक्टरांनी. जेवाण घशाखाली उतरत न्हाय ह्यांच्या. म्हटलं शहाळ्यावर तरी राहू देत. सा-सात जात्यात दिवसाला.”

“एवढी कशाला, अण्णा?”

“पोरं मायेनं आणत्यात, मॅडम,” अण्णा म्हणाले. “एकाचं प्यालो आन् दुसऱ्याचं ठेवलं, तर त्यो म्हणणार, मला बेंचवर बसवला. कोचनं आसं करून चालत न्हाय.”

मी हसले. मग रिपोर्ट बघितला आणि माझं हसू गेलं. सकाळचं पोटॅशियम पाच पॉइंट नऊ होतं. ते पाचच्या आसपास थांबायला हवं. आदल्या दिवशीपेक्षा वाढलं होतं.

पोटॅशियम हा फळांतून, भाज्यांतून येणारा क्षार. शहाळ्यात तो भरपूर. आपल्या स्नायूंना लागतो, हृदयाच्या ठोक्यालाही लागतो, पण मोजका. जास्तीचा झाला की किडनी तो लघवीतून बाहेर टाकते. तुमची-माझी किडनी धड असेल तर शहाळं प्यायचं आणि विसरून जायचं. पण हृदय ढिलं पडलं की रक्त पुरत नाही, आणि शरीर सगळ्यात आधी किडनीच्या वाट्याचं रक्त कापतं. विहिरीवरची मोटर दमली की टोकाचा वाफा कोरडा राहतो, तसं. किडनीला रक्त कमी मिळालं की पोटॅशियम साचतं. आणि साचलेलं पोटॅशियम कुठे जाऊन मारतं? हृदयालाच. ठोका वेडावाकडा होतो आणि एका क्षणी थांबतो. हृदय किडनीच्या जिवावर आणि किडनी हृदयाच्या. दोघांचा संसार एकच आहे.

आता अण्णांच्या गोळ्या बघा. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेल्या दोन गोळ्या चांगल्याच होत्या, पण दोन्ही पोटॅशियम अंगात धरून ठेवणाऱ्या. हाडाच्या डॉक्टरांनी जुन्या गुडघ्यासाठी पेनकिलर दिलेलं. पेनकिलर किडनीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतं. यातली एकही गोळी चुकीची नव्हती. आपापल्या अवयवासाठी प्रत्येक गोळी बरोबर होती. आणि वरून पोरांची माया, दिवसाला सहा-सात.

मी म्हटलं, “वहिनी, आजपासून एक थेंब द्यायचा नाही. हे सगळं खाली न्यायला सांगा.”

पेनकिलरवर काट मारली, पोटॅशियम उद्या परत तपासा म्हणून लिहिलं आणि फोन लावायला सुरुवात केली.

हृदयाचे डॉक्टर तरुण होते. हुशार, हाताला यश. उगाच कशाला खोटं बोलू? मी त्यांना ॲन्जिओग्राफीच्या खोलीबाहेर गाठलं.

“मॅडम, त्यांचं पंपिंग ह्या गोळ्यांनीच सुधारलंय. बंद कशी करू?”

“बंद नको, कमी करा. आणि दोन दिवस घरी सोडू नका.”

“सॅम्पल हिमोलाइझ झालं असेल.” म्हणजे रक्त काढताना पेशी फुटल्या आणि आकडा खोटा वाढला. असं होतं कधीकधी.

“मग परत काढा.”

ते घड्याळाकडे बघत म्हणाले, “मॅडम, तुम्हाला शुगरसाठी बोलावलं होतं ना?”

डोक्यात तिडीक गेली. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांची शाळाही सुरू झाली नसेल. पण गिळली. भांडून गोळी कमी होत नाही.

किडनीचे डॉक्टर बाहेरगावाहून ठरलेल्या वारी यायचे. फोनवर त्यांनी क्रिएटिनिन विचारलं. किडनी किती सुस्त झाली आहे ते सांगणारी ही तपासणी. मी आकडा सांगितला. “डायलिसिसची वेळ नाही आली. माझ्याकडून काही नाही,” म्हणाले आणि फोन ठेवला. हाडाच्या डॉक्टरांनी मी काट मारलेली गोळी पुन्हा लिहिली. का, तर फायनलला स्टेडियमच्या पायऱ्या चढायच्या आहेत, गुडघा हलला पाहिजे की.

शेवटी मी डायरेक्टरांच्या केबिनमध्ये गेले. तिथे मला डिस्चार्जच्या घाईचं खरं कारण कळलं. फायनलला आपल्या हॉस्पिटलचा बॅनर लागणार होता. मॅचआधी अण्णांचा मैदानात सत्कार ठरला होता.

“सगळी पेठ तिथं असणार, मॅडम,” डायरेक्टर म्हणाले. “आपल्याकडं बरा झालेला माणूस स्वतःच्या पायांनी मैदानात आला, यापेक्षा मोठी जाहिरात कुठली?”

“तो बरा झालेला नाही.”

“कार्डियाकवाले फिट म्हणतात. किडनीवाल्यांचं काही म्हणणं नाही. तुमचं डिपार्टमेंट कुठलं? मेडिसिन. शुगर कंट्रोलमध्ये आहे का?”

“आहे.”

“मग झालं की.”

शुक्रवारी डिस्चार्ज झाला. पोटॅशियम परत कुणी तपासलं नाही. अण्णा खाली आले तेव्हा शालनवहिनींनी माझ्यासमोरच हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं, “शहाळं चालतंय काय वो? ह्या मॅडम नको म्हणत्यात.” डॉक्टर सेल्फीसाठी पोरांच्या घोळक्यात उभे होते. तिथूनच म्हणाले, “घेऊ द्या हो थोडं. नॅचरल तर आहे.”

मी पुढे होऊन म्हटलं, “नाही. अजिबात नाही. आणि सोमवारी रक्त तपासून मला दाखवा.” वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. ते हृदयाचे डॉक्टर. आजार हृदयाचा. मी कोण? शुगरची बाई. वहिनींच्या जागी मीही डॉक्टरांचंच ऐकलं असतं.

शनिवारी अण्णा मैदानात चालत गेले. हार घातला, फोटो निघाले. मॅच जिंकली. माझ्या नवऱ्याने मोबाइलवर फोटो दाखवला. तो म्हणाला, “बघ, तू उगाच काळजी करतीस.”

रविवारी सकाळी अण्णांना पलंगावरून उठता येईना. पायात बळच नव्हतं. घरच्यांना वाटलं, काल उन्हात बसून दमले. दमलेल्या माणसासाठी पोरांनी काय आणावं, ते मी लिहीत नाही. दुपारी श्वास अडखळायला लागला तेव्हा रिक्षात घालून आणलं. कॅज्युअल्टीत मीच ड्युटीवर होते. पोटॅशियम वाढलं की ईसीजीवर ठोके आधी उंच सुळक्यासारखे दिसतात; अण्णांचे त्याच्याही पुढे गेले होते. रुंद, पसरट, एकमेकांत मिसळलेले. हृदय बंद पडायच्या आधी असं दिसतं. आम्ही हृदय सांभाळायला कॅल्शियम दिलं, पोटॅशियम उतरवायला इन्शुलिन-ग्लुकोज लावलं, डायलिसिसचं मशीन तयार करायला सांगितलं. मशीन जोडायच्या आत अण्णा गेले. शेवटी मी त्यांच्या छातीवर दाब देत होते आणि दाराबाहेर पेठ उभी होती.

पुढच्या आठवड्यात मीटिंग झाली. पेशंट दगावला की होते तशी. हृदयाच्या डॉक्टरांनी स्लाइड लावली: पंपिंग सुधारलं होतं. किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं: डायलिसिसच्या नियमात पेशंट बसत नव्हता. हाडाचे डॉक्टर म्हणाले, गोळी तर पाच दिवसांचीच होती. तिघंही खरंच बोलत होते. सगळे अवयव पास झाले होते आणि माणूस तेवढा मेला होता.

मी म्हटलं, “एका पेशंटला तीन डॉक्टर असतील, तर सगळ्यांच्या गोळ्या रोज एकत्र बघायची जबाबदारी एकावर टाका. माझ्यावर टाका.”

डायरेक्टर म्हणाले, “ते प्रॅक्टिकल नाही. पण शहाळ्याचं मात्र काहीतरी केलं पाहिजे.”

केलं. गेटसमोरचा गाडा महापालिकेला सांगून हलवला. आणि गेटवर पाटी लावली, लाल अक्षरात: हृदयरुग्ण व किडनीच्या रुग्णांना शहाळे देणे जीवघेणे ठरू शकते, नातेवाइकांनी नोंद घ्यावी. नातेवाइकांनी! आता उलट्या-जुलाबाने सुकलेल्या पोरालाही वॉचमन शहाळं आत नेऊ देत नाही.

अण्णांचं दिवसकार्य आटोपल्यावर शालनवहिनी कागदपत्रांसाठी आल्या. काम झालं तरी गेल्या नाहीत. माझ्या ओपीडीबाहेर बाकावर बसून राहिल्या. शेवटचा पेशंट गेल्यावर आत आल्या आणि उभ्याच राहिल्या.

“मॅडम, गेटावरची पाटी वाचली. म्हंजे मीच मारलं काय त्यास्नी?”

“बसा, वहिनी.”

“तुमी सांगितलं हुतं. दोनदा सांगितलं हुतं. मी ऐकलं न्हाय. रविवारी सकाळी मी माझ्या हातानं...”

मीटिंगमधलं बाहेर बोलायचं नाही, असं आम्हाला बजावलं होतं. मी सगळं बोलले. गोळ्या सांगितल्या, रिपोर्ट सांगितला, फोन सांगितले, सत्कार सांगितला. त्यांना समजेल अशा भाषेत, सावकाश. त्या डोळ्यांतलं पाणी न पुसता ऐकत होत्या.

“एवढ्या जणांस्नी ठावं हुतं?”

“प्रत्येकाला आपापल्यापुरतं ठाऊक होतं.”

“मग पाटीवर शहाळ्याचंच नाव का हाय?”

“शहाळं मीटिंगला नव्हतं, वहिनी.”

पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, “पोरांस्नी ह्ये शहाळ्याचं सांगू नका. ती जगायची न्हाईत.”

मी सांगितलं नाही. वर्षभराने रिटायर झाले. पाटी अजून आहे. मला कुणी सल्ला विचारलाच, तर एवढाच देते: घरच्या माणसाला एकापेक्षा जास्त डॉक्टर असतील, तर सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा आणि एकाच डॉक्टरच्या टेबलावर ओता. तो म्हणेल, हे माझं काम नाही. तरी उठू नका.