शेकरूच्या आईची सही

"मॅडम, पिल्लाला दूध पाजलंय. साखर घालून," धोंडूभाऊंनी कौतुकानं सांगितलं आणि मी कपाळावर हात मारला.

तळेघरच्या पुढची वाडी. शेकरू म्हणजे मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार. इथे भाताचं रोप टाकण्याआधी पालाफांद्या जाळून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. धोंडूभाऊंनी राबासाठी फांद्या तोडल्या आणि एका फांदीबरोबर घरटं खाली आलं. आत एक पिल्लू, डोळे जेमतेम उघडलेले. गाईच्या दुधानं अशा पिल्लांचं पोट बिघडतं, हे मी प्राण्यांची डॉक्टर झाल्यापासून सांगत फिरते आहे. प्रत्येक वाडी नव्यानं पाजते.

पिल्लू गार पडलं होतं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्याशेजारी ठेवली. तेवढ्यात वरून कडकड आवाज आला. शेजारच्या जांभळावर आई बसली होती. माझा जीव भांड्यात पडला, कारण माणसाच्या हातावर वाढलेलं पिल्लू जंगलात सहसा टिकत नाही.

वनखात्याच्या आमच्या साहेबांना फोन लावला.

"पिल्लू रेस्क्यू सेंटरला आणा. उद्या पाहुणे येतायत, दाखवता येईल."

"सर, आई समोर बसलीये. तिच्याकडेच देते."

"अहो, रजिस्टरमध्ये अनाथ म्हणून नोंद झालीय."

"मग खोडा," म्हटलं आणि फोन ठेवला.

घरटं राबाच्या ढिगात गेलं होतं. नशीब, काडी लावायची बाकी होती. आम्ही ढीग उपसला. धोंडूभाऊंच्या पत्नी, हौसाबाई, उपसता उपसता नवऱ्याला बोलत होत्या. "म्या म्हनलं व्हतं, ती फांदी ऱ्हाऊ द्या. आयकतंय कोन?"

चेपलेलं घरटं टोपलीत बसवलं, त्यात पिल्लू ठेवलं. धोंडूभाऊंनी टोपली घरट्याच्याच झाडावर बांधली. आम्ही लांब जाऊन बसलो. आई जांभळाच्या टोकापर्यंत यायची, थांबायची, मागं फिरायची. तासभर हेच. मला आता तिचाच राग यायला लागला.

"ती येनार कुठून?" हौसाबाई म्हणाल्या. "तिची वाट तर ह्यांनी तोडली."

शेकरू जमिनीवर सहसा उतरत नाही, फांद्यांवरूनच फिरते. उडी मारावी तर अंतर फार. दोन झाडांना जोडणारी मधली फांदी राबात पडली होती. एवढी शिकलेली मी, मला ते दिसलं नव्हतं.

"चुकलं माझं," एवढंच बोलून धोंडूभाऊ उठले. दोन बांबू जोडून त्यांनी दोन्ही झाडांमध्ये आडवे बांधले. ऊन कलल्यावर आई बांबूवरून आली, टोपलीत डोकं घातलं, पिल्लू तोंडात धरलं आणि आल्या वाटेनं दाट झाडीत गेली. हौसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

ऑफिसच्या फॉर्मवर 'ताबा कोणाकडे दिला' असा रकाना असतो. मी 'आई' लिहिलं. फॉर्म परत आला. शेरा होता, 'ताबा घेणाऱ्याची सही नाही.'

आता कुणाचा फोन आला की पिल्लाला काय पाजलं, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, मधली फांदी शिल्लक आहे का.