गौतमची बिनगळाची माशी

गौतम गेला त्याला आज वर्ष झालं, आणि मी अजून त्याच्यावर चिडलेली आहे.

दुपारपासून घरात नुसत्या येरझारा घालतेय. चहा केला, गार झाला, पुन्हा केला. लिहायला बसते, उठते. तुकड्यातुकड्यात लिहिलंय, चालवून घ्या.

जे त्याला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी: गौतम स्टुटगार्टच्या वेगेमधला, म्हणजे शेअर्ड फ्लॅटमधला, माझा फ्लॅटमेट. नागपूरचा. गिअरबॉक्सवाला इंजिनिअर. बुद्धपौर्णिमेला मजल्यावरच्या सगळ्या जर्मनांना बळेबळे खीर पाजणारा. मी तेव्हा पीएचडी रखडवत बसलेली.

खालच्या मजल्यावर घरमालक, हेर बाउमान; 'हेर' म्हणजे इथलं 'मिस्टर'. रिटायर्ड डेंटिस्ट. ब्लॅक फॉरेस्टमधल्या नदीवर ट्राउट मासे पकडायचं त्यांना वेड, आणि ते त्यांनी गौतमला लावलं.

म्हणजे कसं, तर स्टोनफ्लाय नावाचा किडा नदीतल्या दगडांखाली वाढतो. चपटा, पिवळट, मागे दोन शेपट्या. ट्राउट त्याच्यावर तुटून पडतो. तर गळावर दोरा, पिसं, सशाची लव गुंडाळून तस्साच किडा बनवायचा आणि ट्राउटला गंडवायचं. याला माशी बांधणं म्हणायचं.

किचन टेबलाला छोटा व्हाइस, म्हणजे गळ घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, कायमचा ठोकलेला. किड्याच्या पोटावर वळ्या दिसाव्यात म्हणून पठ्ठ्याने आईच्या जुन्या साडीची जर उसवून आणली होती.

माझ्या पोह्यात पिसं.

"गौतम, हे काय आहे?"

"शेपटी आहे. टाकू नकोस, दे इकडे!"

असा माणूस. भांडी घासायची याची पाळी आली की नेमकी एखादी माशी अर्धवट बांधलेली असायची.

इथे मासा पकडायला लायसन्स लागतं. त्याला कोर्स, कोर्सवर परीक्षा, तीही जर्मनमध्ये. ऑफिस सांभाळून पास झाला. बाउमाननी केक आणला. मला वाटतं त्या दिवशी म्हातारा गौतमपेक्षा जास्त खूश होता.

आणि पहिल्याच ट्राउटला घोळ झाला.

मी होते तिथे, सँडविचेस सांभाळायला. मार्चची थंडी, नाक वाहतंय. गौतमच्या माशीला ट्राउट लागला! बाउमाननी जाळ्यात घेतला आणि लाकडाचा छोटा दांडका गौतमच्या हातात दिला. "डोक्यावर एक. पटकन."

गौतम तसाच उभा.

"सोडून देऊ या ना," म्हणाला.

त्याने व्हिडिओ बघितले होते ना, परदेशातले. त्यात लोक मासा पकडतात, फोटो काढतात, सोडतात. इथे तसं चालत नाही. मापात बसणारा मासा मजेसाठी धरायचा आणि सोडायचा, याला इथे मुक्या जिवाचा छळ म्हणतात. कोर्समध्ये शिकवलं होतं हे सगळं. याने ते आपल्यापुरतं ऐकलंच नव्हतं!

"मी पंचशील मानतो, हेर बाउमान. मी नाही मारणार."

"मग त्याला ओढून काढलंस कशाला? खायला मारणं मला कळतं. खेळायला छळणं कळत नाही."

मासा बाउमाननीच मारला.

घरी आल्यावर मी सोडते का! "अरे, सुकट मिटक्या मारत खातोस, तेव्हा कुठे जातं तुझं शील?"

"खातो गं. माझंच मला कळत नाहीये. पण हात उचललाच गेला नाही."

नंतर काही दिवस त्याने व्हाइसला हात लावला नाही. मग एका संध्याकाळी पक्कड घेतली आणि बांधलेल्या माश्यांचे गळ वाकतात तिथून तोडून टाकले, कटाकट. माशी तीच, फक्त टोचणारं काही नाही. ट्राउट येणार, तोंडात धरणार, थुंकून जाणार.

"एक क्षण त्याला खरी वाटली ना? बस्स. मला तेवढंच हवंय."

धावत खाली गेला दाखवायला. बाउमाननी माशी उलटीपालटी करून बघितली. "पोरखेळ," म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर गौतम ट्रेनने एकटाच जायचा. जाताना हटकून त्यांची बेल वाजवायचा. "हेर बाउमान, एकदा नुसते बघायला तरी या." "नाइन." म्हणजे नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा बेल. पुन्हा नाइन.

आणि वर हाच म्हाताऱ्यासाठी गळासकट माश्या बांधून त्याच्या पोस्टाच्या पेटीत टाकायचा!

"अरे, म्हणजे मारायला तूच देतोस की!"

"ते त्यांचं, हे माझं," म्हणायचा आणि हसायचा. पण नदीवरून आला की आधी खिडकीतून खाली बघायचा, म्हाताऱ्याच्या घरात दिवा आहे का. ट्राउटपेक्षा त्याला म्हाताराच हवा होता, हे मला कळत होतं. अख्ख्या जर्मनीत हा माणूस त्याला बापासारखा वाटला होता.

मग गेल्या मार्चमध्ये हार्ट. ऑफिसच्या जिन्यात. अडतिशी उलटली नव्हती. असं जातात का रे?

बाउमान अंत्यविधीला आले, मागे उभे राहिले, कोणाशी न बोलता गेले. मला दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

आणि आज दुपारी, मी ते घर सोडल्यावर पहिल्यांदाच, त्यांचा फोन.

"सीझन उघडला. नदीवर जाऊन आलो."

"बरं."

"एक ट्राउट मिळाला. मारला. बटाट्यांबरोबर खाल्ला."

माझा जीव असा जळला! फोन ठेवणारच होते.

"सोडला नाही मी. ते चूकच आहे, माझं मत तेच आहे. पण तो बोलवत होता तेव्हा मी जायला हवं होतं. त्याला सांगा."

"हेर बाउमान, तो नाहीये आता."

"ठाऊक आहे मला. तरी सांगा."

आता कुठे जाऊन सांगू मी? तेव्हापासून हा निरोप घेऊन घरभर फिरतेय. खूप रडले. शेवटी इथे लिहिते, दुसरी जागा मला माहीत नाही.

गौतम, नदीवर नुसतं बघायला म्हातारा यायला तयार झालाय रे.

जय भीम, मित्रा.