कॅमेऱ्याकडे बघणारा माणूस

त्या काळी फोटो म्हटला की माणसं कॅमेऱ्याकडे डोळे वटारून ताठ बसायची. मला त्याचाच तिटकारा. पोटासाठी मालवणातल्या स्टुडिओत लग्नाची जोडपी बसवायचो. जीव मात्र देवबागच्या किनाऱ्यावर, रापणीचं मोठं जाळं दोरांनी वाळूवर ओढून आणणाऱ्या माणसांत अडकलेला. तिथे माझं एकच पालुपद असे, "माज्याकडे बघू नको रे, दोर ओढ!" सगळे ऐकायचे, एक जण सोडून. मी बटण दाबलं की हा नेमका मान वळवून हसायचा. आधीच फिल्म मिळायची मारामार, त्यात हा ती फुकट घालवी. मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

पुढच्याच आठवड्यात तो होडीसकट बेपत्ता झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते. वेंगुर्ल्याहून निरोप आला, की वाऱ्याने भरकटलेले आपल्याकडचे काही जण तिकडच्या तुरुंगात आहेत. तिकडे ये-जा असलेला एक दुकानदार चौकशी करायला तयार होता, पण ओळख पटायला फोटो हवा. त्या बेपत्ता माणसाची बायको येऊन माझ्या पायरीवर बसली. घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

किनाऱ्यावरचा तो रोल अजून धुतलेला नव्हता, आणि दिवस मे महिन्याचे. पाणी गरम असलं की फिल्मवरचा थर सायीसारखा सुटून येतो. मग चेहरा गेला तो गेलाच. मासळीच्या पेटीतला बर्फ मागून आणला, रसायनांच्या थाळ्यांभोवती रचला. मेल्या, एकदा तरी नीट बघितलेलं असू दे, असं मी त्या काळोख्या खोलीत पुटपुटत होतो. बाकीच्यांत मान वळवताना चेहरा पुसटला होता, पण एका फोटोत तो होता. दात काढून, अगदी समोर.

प्रत तिच्या हातात देऊ लागलो तर ती मागे सरकली. त्यांच्या वाडीत घरात फोटो यायचा तो गेलेल्या माणसाचा, हार घालून भिंतीवर लावायला. "माका नको तो," ती प्रत न्यायला आलेल्या दुकानदाराला म्हणाली. "माणूस घेऊन येवा."

दुकानदार फोटो घेऊन गेला. मग नुसती वाट बघणं. समुद्राकडे बघायचीही मला भीती वाटे.

पावसाच्या तोंडाला तो परतला, खंगलेला, पण हातीपायी धड. मी आनंदाने वेडा झालो. तोच फोटो चांगला मोठा करून त्याच्या घरी घेऊन गेलो. बायकोने तो दोन्ही हातांनी घेतला, नीट बघितला, आणि सरळ चुलीत सारला.

"घोव घराक इलो मां," ती म्हणाली. "आता फोटो कित्याक?"