हळदीच्या बेण्यावरची बुरशी

लोह्याजवळच्या आमच्या शेतात हळद लावायची होती. मी नांदेडहून मायकोरायझाची पिशवी आणली. ही चांगली बुरशी मुळांना चिकटते, जमिनीतलं स्फुरद आणि पाणी झाडाला आणून देते, असं वडिलांना समोर बसवून सांगितलं. मग सकाळभर ती गुळाच्या पाण्यात कालवून बेण्याला हातानं चोळली. कंबर मोडली, नखं पिवळी झाली.

जेवून परत येतो तर वडील त्याच बेण्याच्या टोपल्या निळ्या ड्रममध्ये बुडवून राहिले होते. ड्रममध्ये बुरशीनाशक!

"अप्पा, हे काय केलं? सगळी मेली ना ती!"

"मरणारच. बेण्याला बुरशी ठेवून कुणी हळद लावतं का?"

माझं डोकंच फिरलं. "सकाळी एवढा घसा कोरडा केला, ते कुठं गेलं?" मी ओरडलो.

त्यांनी टोपली शांतपणे निथळत ठेवली. "ते आज एकदा सांगितलंस. बेणं बुडवल्याबिगर लावायचं न्हाई, हे धा वर्सं सांगून राहिलास. ड्रमावरचं अक्षर बी तुझंच हाय."

ड्रमवर मीच रंगवलेलं होतं: आधी बुडवा, मग लावा.