कोरियन नकाशातली धनिष्ठा

आई मंगळवारी सकाळी गेली. नक्षत्र धनिष्ठा होतं. पंचकात गेली म्हणून गुरुजींनी घर सहा महिने बंद ठेवायला सांगितलं. तेराव्यानंतर मी चिपळूणच्या घराला कुलूप लावलं आणि बाबांना घेऊन मस्कतला आले.

बारा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा इकडे निघाले, तेव्हा आई म्हणाली होती, "जा. घर कुठे पळून जात नाही." घर तिथेच होतं, पण आता तिथे जायची मुभा नव्हती.

निघताना काकू म्हणाली, "जपून राहा गं. पंचकातलं मरण पाच जणांना ओढतं." मी भौतिकशास्त्र शिकलेली. तरी विमानात मोजलं: बाबा, भाऊ, मी, नवरा, लेक सई. पाचच भरले.

मस्कतमधल्या वादी कबीरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी दुःख करतच नव्हते, पहारा करत होते. नवऱ्याला रुसैलच्या कारखान्यातून यायला उशीर झाला, सईचं अंग जरा गरम लागलं, की मी मनात पुन्हा पाच जण मोजायची. बाबा दुपारी बाल्कनीत जात आणि स्कूलबसमधून सई उतरेपर्यंत उभे राहत. तेही मोजत होते.

एका शुक्रवारी नवऱ्याच्या कारखान्यातले कोरियन इंजिनिअर, किमसाहेब, जेवायला आले. त्यांनी कॅलेंडर आणलं होतं. त्यावर त्यांच्याकडचा ताऱ्यांचा जुना नकाशा. नावं चीनमधून आलेली, पण नकाशा कोरियात दगडावर कोरलेला. बोट ठेवून ते सांगत होते: हा बाजार, हे धान्याचं कोठार, हा तुरुंग, हे चक्क शौचालय.

"यात धनिष्ठा कुठंय?" बाबांनी विचारलं. तीन महिन्यांत हा शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता.

श्रवणाजवळचा शंकरपाळ्यासारखा पुंजका मी दाखवला. किमसाहेबांनी चष्मा वर सरकवला. हातांनी लांबट आकार करत ते इंग्रजीत समजावू लागले: वेलाला लागतात, वाळवून पाण्याची भांडी करतात. शेजारचे तारे म्हणजे त्यातलेच कुजलेले.

"आजोबा, ही मीन्स दुधी," सई म्हणाली.

बाबा नकाशाकडे बघत राहिले. "म्हणजे दुध्याला भिऊन आम्ही घर सोडलं होय? तुझी आई असती तर चणाडाळ घालून भाजी करून मोकळी झाली असती."

ते हसले. हसता हसता रडायला लागले, आणि मीही. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. आपलं काही चुकलं असं वाटून किमसाहेब बिचारे सॉरी, सॉरी म्हणत राहिले. नवऱ्याने त्यांना आणखी भात वाढला.

तारे तेच. आम्ही त्यांच्यापायी घर बंद केलं, किमसाहेबांच्या पूर्वजांनी त्यांना वेलावर टांगलं.

पुढच्या आठवड्यात बाबा म्हणाले, "तिकीट काढ." सहा महिने व्हायला अवकाश होता. काकू फोनवर चिडली, "पुढचं तुमचं तुम्ही बघा." बाबा म्हणाले, "बघतो." मी सोबत गेले. खिडक्या उघडल्या, जळमटं काढली, चहा केला. दोनच कप लागले.

बाबा आता तिथे असतात, मी इथे. दोन्हीकडे घर आहे. भीती गेली. आई नाही, एवढंच उरलं आहे.