माझ्या पत्रकानं शीतलला यानात बसवलं

अन्याय झाला वत्सलामावशीवर. मंगळवारी, सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी. त्या वेळी तिची लेक शीतल जिवंत आहे की नाही हे जालन्यात कुणालाच माहीत नव्हतं, तरी आमच्या एका केबल चॅनेलनं पडद्याखालच्या पट्टीत तिला मारून टाकलं. अन्याय करणाऱ्यांची नावं घ्यायची तर पहिलं माझं घ्या.

मी पत्रकं लिहिते. नळाला पाणी नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, की काढ पत्रक. चळवळीत शिकले ते एकच, पत्रकात ‘बहुतेक’ हा शब्द घालायचा नाही. शीतल माझी वर्गमैत्रीण. आयटीआय करून वेल्डर झाली आणि दूर दक्षिणेत समुद्राकाठी, जिथून यान सोडतात तिथं, इंधनाच्या नळ्या तपासायच्या कामावर लागली. तिघं अंतराळवीर घेऊन यान निघणार हे कळल्यावर मी पत्रक काढलं, ‘आपल्या वस्तीची लेक निघाली अंतराळात!’ शीतल फोनवर हसली होती. “अगं बाई, मी खालीच राहणार हाय. नळ्या बघायला.” मी म्हणाले, “नळ्या कुणाला कळतात? तू गप बस.”

मंगळवारी आम्ही विहारात मोठा पडदा लावला. काय उत्साह होता! एमआयडीसीत रात्रपाळी केलेली माणसं न झोपता आली होती. दामूकाका पुढं बसून ओरडत होते, “ए, बाजूला व्हा, रॉकेट तुमच्या डोक्यातून जाऊन राह्यलं!” मावशी नवं पांढरं लुगडं नेसून बुद्धमूर्तीजवळ बसली होती. उलटे आकडे आम्ही सगळ्यांनी एका आवाजात मोजले. आग सुटली, यान उचललं, टाळ्यांनी छताचे पत्रे हादरले. मी मुठी आवळून उड्या मारत होते.

आणि मग ते वरच्या वर फुटलं. आधी वाटलं, असंच होत असेल, एक भाग सुटत असेल. टाळ्या चालूच राहिल्या, हे मला आजही सोसत नाही. टीव्हीवरचा निवेदक गप्प झाला तेव्हा आम्ही गप्प झालो. जळते तुकडे खाली पडत होते, आणि खाली शीतल होती. मी फोन लावला, बंद. कामावर जाताना फोन फाटकावर जमा करतात हे मला ठाऊक होतं, तरी लावतच राहिले. तेवढ्यात कुणीतरी केबलचं चॅनेल लावलं. पट्टी सरकली, ‘यानासोबत जालन्याची लेकही गेली.’ शेजारी फोटो माझ्या पत्रकाचा.

मावशी रडली नाही. माझ्याकडं वळली. “ती मला म्हणली व्हती, खाली राहणार. मंग ऐन टायमाला वर घेतलं का गं तिला? तू तर आधीच छापलं व्हतं.” तिनं पोटच्या पोरीच्या शब्दापेक्षा माझ्या छापील शब्दावर जास्त विश्वास ठेवला. आमच्या वस्तीत छापील कागदावर कुणी पाय देत नाही. शाळेनंच आम्हाला उभं केलं, म्हणून. त्या विश्वासाचं मी काय केलं होतं! विहारात मी कधी वंदनेला बसत नसे. माइकची वायर बघ, सतरंज्या मोज, असली कामं शोधायची. वाटायचं, बसून काय होतं, लढायला पाहिजे. त्या सकाळी लढायला समोर कुणी नव्हतं. मी मावशीच्या पायाशी बसले आणि सगळ्यांसमोर बोलले, “मावशी, ते खोटं होतं. ती वर नव्हती. पण खाली कशी आहे ते मला माहीत नाही.” मावशीनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली, आणि त्रिसरण म्हणायला लागली. शरण जाते, शरण जाते. मीही म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा नुसत्या ओठांनी नाही, सगळ्या अंगानं म्हणाले.

दारात एक अनोळखी माणूस उभा होता, हातात रिकामी बाटली. लोखंडाच्या गिरणीत भंगार उतरवून परत निघालेला ट्रक ड्रायव्हर, आमच्या नळावर पाणी भरायला थांबलेला. “क्या हुआ अम्मा को?” दामूकाकांनी पडद्याकडं बोट केलं, “इनकी लडकी उधर काम करती.” त्यानं बघितलं, बाटली खाली ठेवली. “मेरा जीजा उधरीच बस चलाता. काम का लोगां को गेट पे लाता, लेके जाता.” मी चमत्कार मानत नाही. झालं ते सांगते आहे. तो स्वतःच्या भाषेत जीजाशी फोनवर भरभर बोलला, शीतलचं नाव दोनदा विचारून घेतलं, आणि आमच्यासोबत खाली बसला. दीड तास बसला. मालकाचे फोन आले, कापले.

मग ड्रायव्हरचा फोन वाजला, जीजाचाच. त्यानं दोन शब्द ऐकले आणि फोन सरळ मावशीच्या कानाला लावला. “आई, मी हाय. मी खालीच व्हते. हात भाजला थोडा.” मी ओरडले, विहारातल्या बाया ओरडल्या, दामूकाका ड्रायव्हरच्या गळ्यात पडले. मावशीनं मात्र हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “नाचू नका. त्या तिघांच्या आया बी आत्ता टीव्हीपुढंच बसल्या असतील.” तिनं तीन मेणबत्त्या लावल्या. ड्रायव्हरला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. त्यानं तीन भाकरी खाल्ल्या आणि ठेच्याला नावं ठेवली, “इसको तीखा बोलते क्या?” मावशी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

मी कृतज्ञ आहे. माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं तेव्हा कुणीतरी मला धरून ठेवलं. शरण जाणं म्हणजे हरणं, असं मी समजत होते. खरं तर मी पहिल्यांदा खरं बोलले, एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीचं पत्रक छापलं नाही. दारोदार गेले, तोंडानं सांगितलं, “मी खोटं लिहिलं होतं.” एका घरात चहा मिळाला, दोन घरांत दार लावून घेतलं. चॅनेलवाल्यांनी आजवर माफी मागितलेली नाही. त्यांच्या दारात मी जाणारच आहे.

पण आधी तुम्ही. न बघता, न विचारता कुणाबद्दल काही पुढं सांगितलं असेल, तर त्या माणसाचं घर तुम्हाला माहीत आहे. हा कागद खाली ठेवा, चपला घाला आणि जा. आजच जा.